सर्व्हर डायरी: ग्रुप्सची नवी मांडणी

शेअर्ड सर्व्हरचं पुढचं अपडेट. डिस्क आणि बॅकअप मार्गी लागलेत, आता यूजर्स-ग्रुप्स (कुणाला काय वापरता येईल याची विभागणी) घेतलेत हातात. सेटअप नवीन लोकांसाठी थोडक्यात: एकच मशीन, त्यावर डेबियन लिनक्स, डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड (फाईल्स-फोटोंसाठी), जेलीफिन (मीडियासाठी) आणि गिटी (कोडसाठी), शिवाय मोठ्या फाईल्स पाठवायला साधं एसएफटीपी. वापरणारे म्हणजे घरचे आणि काही मित्रमैत्रिणी.

आधीचे ग्रुप माणसांवरून होते, घरचे, मित्र, अ‍ॅडमिन असे. सुरुवातीला बरं चालतं हे, पण मग एकाला फोटो हवेत आणि कोड नको, दुसरीला कोड हवा पण मीडिया नको, की 'मित्र-२' नावाचा ग्रुप जन्माला येतो आणि काही महिन्यांनी त्या 'मित्र-२'ला नक्की काय काय उघडं आहे हे चार अ‍ॅप्सचे कॉन्फिग उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आता नियम एकच, ग्रुपचं नाव म्हणजे एक परवानगी. फोटो-रीड, फोटो-राइट, मीडिया-रीड, कोड-यूजर, एसएफटीपी-लॉगिन. ग्रुप्सची संख्या वाढली हे खरं, पण आयडी कमांड मारली की त्या माणसाचं सगळं चित्र एका ओळीत समोर.

लिनक्सच्या साध्या ग्रुपमध्ये दुसरा ग्रुप मेंबर म्हणून टाकता येत नाही, ईटीसी-ग्रुप फाईलच्या ओळीत चारच रकाने, नाव, पासवर्डची जागा, जीआयडी (ग्रुपचा आकडा) आणि मेंबरांची यादी, आणि त्या यादीत फक्त यूजर्स. त्यामुळे 'घरचे म्हणजे हे हे पाच ग्रुप' हा हिशोब मी वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवलाय, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), आणि एक छोटी स्क्रिप्ट ती वाचून सर्व्हरवरच्या ग्रुप्सशी ताडून फरक दाखवते. लावायचं काम मी हातानेच करते. यूजरमॉडला (यूजर बदलायची कमांड) कॅपिटल जी देताना सोबत स्मॉल ए नसेल तर आधीचे सगळे जोडग्रुप (मुख्य ग्रुपशिवायचे ग्रुप) पुसले जातात हे सगळ्यांना माहीत असतं तरी स्क्रिप्टच्या भरवशावर सोडायला धीर होत नाही. त्यापेक्षा जीपासडब्ल्यूडी कमांड बरी, एका वेळी एक माणूस घाल नाहीतर काढ, बाकी कशाला हात नाही.

जीआयडी ५००० पासून पुढे ठरवून दिलेत. डेबियनवर नेहमीचे यूजर्स १००० पासून सुरू होतात, त्यांच्यात सरमिसळ नको होती आणि मुख्य म्हणजे डॉकर. कंटेनरला होस्टवरची (मूळ मशीनवरची) नावं माहीतच नसतात, त्याला फक्त आकडे कळतात, म्हणजे होस्टवर तुमचा यूजर फोटो-रीडमध्ये आहे म्हणून त्याच यूआयडीने (यूजरच्या आकड्याने) चालणाऱ्या कंटेनरला ती परवानगी आपोआप मिळत नाही. कंपोज फाईलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते जिथे लिहितात) यूजरसमोर यूआयडी-जीआयडीचे आकडे आणि जास्तीचे ग्रुप ग्रुप-अ‍ॅडखाली आकड्यांतच लिहायचे. आता जेलीफिनला मीडिया-रीडचा आकडा दिलाय आणि माउंट (कंटेनरला जोडलेला फोल्डर) रीड-ओन्ली केलाय, त्यामुळे वेब इंटरफेसमधून कुणी डिलीट दाबलं तरी फाईल जागची हलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ शेअर्ड फोल्डरने खाल्ला. 'अरे, फोल्डर दिसतोय, फाईल उघडतेय, पण सेव्हच होत नाहीये' हा मेसेज शेअर्ड सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाला येतोच. फोल्डरला २७७० (परवानग्यांचा आकडा, त्यातला पहिला २ म्हणजे सेटजीआयडी) दिलं की सेटजीआयडीमुळे आत बनणाऱ्या फाईलला फोल्डरचा ग्रुप लागतो, इथपर्यंत ठीक, पण यूमास्क (नव्या फाईलच्या परवानग्यांतून काय वगळायचं तो आकडा) ०२२ असेल तर फाईल ६४४ने बनते, म्हणजे ग्रुप बरोबर आणि लिहायची परवानगी मात्र नाही. यूमास्क ००२ सगळीकडे करावा तर एसएसएचचा (दुरून केलेल्या लॉगिनचा) वेगळा, एसएफटीपीचा वेगळा, प्रत्येक कंटेनरचा वेगळा, कुठे कुठे धावणार. शेवटी डीफॉल्ट एसीएल (फोल्डरवरची परवानग्यांची सविस्तर यादी, जी आतल्या नव्या फाईल्सना आपोआप लागते) लावलं. फोल्डरवर डीफॉल्ट एसीएल असलं की आत नवीन फाईल बनताना यूमास्क विचारातच घेतला जात नाही, विषय संपला. फोटो-राइटला वाचणं-लिहिणं, फोटो-रीडला फक्त वाचणं, एकाच फोल्डरवर दोन ग्रुप, जे साध्या परवानग्यांमध्ये होतच नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एसीएल असलेल्या फाईलवर सीएचमॉड (परवानगी बदलायची कमांड) चालवलं की ग्रुपचा आकडा ग्रुपला न लागता मास्कला (परवानग्यांच्या कमाल मर्यादेला) लागतो, आणि मग गेटफॅसलमध्ये (एसीएल दाखवणारी कमांड) परवानगी लिहिलेली दिसते पण बाजूला 'इफेक्टिव्ह' म्हणून कमी केलेली असते. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना स्वतःच सीएचमॉड करतात, तिथे हे हमखास होतं. दुसरं, त्याच डिस्कवर एमव्हीने हलवलेली फाईल जुना ग्रुप आणि जुन्या परवानग्या घेऊनच येते, वारसा मिळतो तो फक्त नव्याने बनणाऱ्या फाईलला, म्हणून बाहेरून फाईल आणायची तर सीपीने कॉपी करून. आणि सगळं बरोबर असूनही अडत असेल तर नेमआय कमांड (पाथमधल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या दाखवते) पूर्ण पाथवर चालवा, वरच्या कुठल्यातरी फोल्डरला एक्झिक्यूट बिट (आत जायची परवानगी) नसतो, बहुतेक वेळा तेच निघतं.

एसएफटीपी पटकन झालं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये अलाउ-ग्रुप्स, ज्यामुळे ठरलेल्या ग्रुपबाहेरचं कुणी आतच येत नाही, आणि मॅच-ग्रुपखाली क्रूट (आत आलेल्याला एकाच फोल्डरपुरतं बंदिस्त ठेवणं). क्रूटचा फोल्डर रूटच्या (सर्वाधिकारी यूजरच्या) मालकीचा आणि इतर कुणालाही लिहिता न येणारा लागतो, नाहीतर लॉगिनच होत नाही, म्हणून आत अपलोडसाठी वेगळा सबफोल्डर.

डॉकर ग्रुपमध्ये आता माझ्याशिवाय कुणी नाही. त्या ग्रुपात असणं म्हणजे रूट असणं, कारण होस्टची अख्खी फाईलसिस्टीम कंटेनरमध्ये माउंट करता येते. 'मला फक्त कंटेनर रीस्टार्ट करायचाय' म्हणणाऱ्या मैत्रिणीला सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये (सुडोचे, म्हणजे रूट म्हणून कमांड चालवू देण्याचे नियम इथे असतात) त्या एका कंटेनरच्या रीस्टार्टची पूर्ण कमांड लिहून दिलीय, तेवढंच चालतं. त्या फोल्डरमधल्या फाईलच्या नावात टिंब असलं की सुडो ती फाईल गुपचूप सोडून देतं, एवढं बघा.

अ‍ॅप्सच्या बाजूला एलएलडॅप (सगळ्यांसाठी यूजर्स-ग्रुप्सची एकच यादी ठेवणारा छोटा एलडॅप सर्व्हर) ठेवलंय, ओपनएलडॅप एवढ्याशा लोकांसाठी फार जड वाटलं. जेलीफिनच्या एलडॅप प्लगिनमध्ये यूजर फिल्टर लावून मीडिया-रीडमध्ये नसलेल्यांचं लॉगिन बंद. नेक्स्टक्लाउडमध्ये ग्रुप्स एलडॅपमधूनच येतात आणि एखादं अ‍ॅप ठराविक ग्रुपपुरतं मर्यादित करता येतं, ते फार कामाचं आहे. गिटीमध्ये एलडॅपचे ग्रुप टीम्सना जोडता येतात, पण ग्रुपमधून काढलेला माणूस टीममधूनही काढायचा ही टिकमार्क वेगळी आहे, ती नसेल तर लोक येत राहतात, जात कुणीच नाही.

आणि खरी परीक्षा तीच आहे, माणूस काढताना. द्यायला सगळ्यांनाच येतं. यूजरमॉड एलने पासवर्ड लॉक होतो, पण एसएसएच की चालू राहते, म्हणून सोबत अकाउंट एक्स्पायर करायचं. ग्रुपमधून काढलं तरी आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसकडे जुना ग्रुप तसाच राहतो, ग्रुप्स लॉगिनच्या वेळी लागतात, त्यामुळे टीमक्समध्ये (सेशन मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) कुणी बसलं असेल तर ते बसूनच आहे. लॉगिनसीटीएलने त्या यूजरची सगळी सेशन्स संपवायची. वेब अ‍ॅप्समध्येही तेच, लॉगिन झालेलं ब्राउझर सेशन आणि अ‍ॅप पासवर्ड वेगळे रद्द करायचे.

एक जुनी पळवाटही बंद केली. ग्रुपात असताना कुणी शेलची कॉपी करून तिला त्या ग्रुपचा सेटजीआयडी लावून ठेवली, तर ग्रुपमधून काढल्यावरही तिच्यातून आत जाता येतं. आमच्यातलं कुणी करेल असं नाही, पण डेटा पार्टिशन नोसुइडने माउंट करायला काय जातंय, फोल्डरवरचा सेटजीआयडी त्याने बिघडत नाही, फक्त प्रोग्रॅमवरचा निकामी होतो.

यूजर डिलीट करायचं मात्र थांबवलंय. डिलीट केला की त्याच्या फाईल्सवर नुसता आकडा उरतो, आणि उद्या तोच यूआयडी नव्या माणसाला मिळाला तर त्या फाईल्स त्याच्या. त्यामुळे अकाउंट बंद करून तसंच ठेवायचं, फाइंडला नो-यूजर देऊन बेवारस फाईल्स अधूनमधून शोधायच्या.

आता उरलंय एनएफएस (नेटवर्कवरून सर्व्हरचे फोल्डर जोडायची पद्धत). एका परवानगीला एक ग्रुप म्हटल्यावर माझ्या स्वतःच्या यूजरचे ग्रुप १६च्या वर गेलेत, आणि एनएफएसच्या साध्या ऑथ-सिस पद्धतीत १६ पेक्षा जास्त जोडग्रुप जातच नाहीत, उरलेले गुपचूप गळतात. माउंटडीला (एनएफएस सर्व्हरचा एक प्रोग्रॅम) मॅनेज-जीआयडीज दिलं की सर्व्हर क्लायंटची यादी न धरता स्वतःकडची बघतो. ते लावून लॅपटॉपवरून सगळे फोल्डर एकेक तपासायचेत, मग पुढचं अपडेट टाकते.