मधल्या फळीचे भाव

आईचा फोन नेमका भलत्या वेळी येतो. २०२४ च्या फेब्रुवारीतली संध्याकाळ, मेलबर्नमध्ये साडेसात वाजलेले, अंगणात अजून ऊन रेंगाळलेलं. साताऱ्यात तेव्हा दुपारचे दोन. ती जेवून, ओटा पुसून निवांत टेकलेली.

"काय करतोयस?"

"माणसं निवडतोय."

"ऑफिसात? आत्ता?"

"नाही गं, खेळासाठी. फुटी."

"तू खेळणारेस?"

"मी नाही, ते खेळणार. मी नुसती निवडणार."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. आम्ही तिघे भाऊ, त्यातला मी मधला. माझं काय चाललंय हे कळत नाही, असं ती माझ्या बाबतीत बालवाडीपासून म्हणत आलीय. "बरं, निवड," ती म्हणाली, "नीट बघून घे." लहानपणी मंडईत पाठवताना म्हणायची, अगदी त्याच सुरात.

तर आमचा ड्राफ्ट. ऑफिसातले आम्ही दहा जण दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी आपापल्या घरी लॅपटॉप उघडून बसतो आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले खरे खेळाडू आपापसांत वाटून घेतो. एक खेळाडू एकाकडेच जातो. त्यानं शनिवारी मैदानावर जे केलं त्याचे गुण सोमवारी आमच्या नावावर जमा होतात. या खेळाला फँटसी म्हणतात. क्रम सापासारखा: पहिल्या फेरीत पहिला ते दहावा, दुसऱ्या फेरीत दहावा ते पहिला. आमच्या गल्लीत दोन कप्तान असायचे. पोरांच्या जोड्या लांब जाऊन कानात नावं ठरवून यायच्या, "वाघ पाहिजे का सिंह?" आणि शेवटी उरलेला दोन्हीकडून दूधभात. इथं दूधभात कुणी नसतो. उलट शेवटच्या फेरीत उरलेल्याला मेलबर्नच्या टार्नीट उपनगरातल्या कुणा मराठी माणसानं मनापासून उचललंय, हे त्या बिचाऱ्याला कधी कळतही नाही.

सगळं भांडण असतं ते मिडफिल्डरवरून.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. जन्मानं हा क्रिकेटचा धाकटा भाऊच. १८५८ च्या जुलैत टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांनी सुस्तावू नये म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्न क्लबानं नियम लिहून काढले. म्हणून मैदान क्रिकेटचंच, अंडाकृती आणि अवाढव्य. बॉक्सिंग डेची कसोटी होते त्याच एमसीजीवर सप्टेंबरात अंतिम सामना. एका बाजूला अठरा जण. मैदानाच्या मधोमध पन्नास मीटरचा चौकोन आखलेला. दर क्वार्टरच्या सुरुवातीला आणि दर गोलनंतर चेंडू तिथं येतो. दोन्ही संघांची चार-चार माणसं आत, बाकी सगळे रेषेबाहेर. पंच चेंडू वर उडवतो (२०२५ पर्यंत जमिनीवर आपटून उसळवायचा), दोन ताडमाड रकमन उडी मारून त्याला थाप देतात, आणि खाली उरलेले सहा जण एकमेकांवर तुटून पडतात. हे सहा म्हणजे मिडफिल्डर.

पण सगळे मिडफिल्डर एका जातीचे नसतात. काही त्या गुंत्यात डोकं घालून चेंडू उपसणारे, म्हणजे इनसाइड मिड. त्यांचे गुडघे नेहमी खरचटलेले. काही गुंत्याच्या कडेला थांबून बाहेर आलेला चेंडू घेऊन सुसाट सुटणारे. काही विंगवाले, चौकोनाच्या बाहेर उभे, दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणार आणि टीव्हीवर फार दिसणार नाहीत. आणि एखादा टॅगर. त्याचं काम चेंडू घेणं नाहीच, समोरच्या संघातल्या बड्या माणसाची सावली होऊन त्याला चेंडू मिळू न देणं. २०२३ मध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसनं कॉलिंगवुडच्या निक डेकॉसला असं धरलं की एरवी तीस-तीस वेळा चेंडू खेळणाऱ्या त्या पोराच्या वाट्याला तो फक्त पाच वेळा आला. त्याच सामन्यात डेकॉसचा गुडघाही दुखावला. मॅगिनेसनं बजावलेल्या या कामगिरीला आमच्या गुणपद्धतीत खातंच नाही. त्याच्या संघाला विचारा, त्या दिवशी त्याचं मोल काय होतं ते.

आमचं गुणपत्रक साधं आहे. किकला ३, हँडबॉलला, म्हणजे मुठीनं मारून दिलेल्या चेंडूला, २, मार्कला, म्हणजे किकचा चेंडू वरच्या वर झेलला तर, ३, टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून अडवलं तर, ४, गोलला ६, हुकलेल्या गोलला, म्हणजे बिहाइंडला, १. फ्री किक मिळाली तर १, आणि तुमच्या चुकीनं समोरच्याला मिळाली तर उणे ३. रकमनच्या थापेला १. बस्स. किक कुठं पडली, तिनं सामना फिरला की प्रेक्षकांत गेली, याच्याशी देणंघेणं नाही.

मला यावरून आमच्याकडची जुनी लग्नं आठवतात. माझा एक मामा पंगतीत आमटी वाढायचा. हातात बादली, बादलीत ओगराळं, कमरेत वाकलेला. जिलबीवाला एकदाच यायचा, आग्रह करायचा, हशा पिकवायचा. लोकांच्या लक्षात राहायचा तो जिलबीवाला. मामा मात्र पहिल्या भातापासून मठ्ठ्यापर्यंत पाच-सहा फेऱ्या मारायचा. फँटसीचा हिशेब ओगराळ्यांचा आहे. किती ओतली ते मोजायचं, कुणाच्या पानात पडली की धोतरावर सांडली ते विचारायचं नाही. म्हणून इथं मिडफिल्डर हा राजा. तो चेंडूपाशी सर्वांत जास्त वेळा जातो. हॉथॉर्नच्या टॉम मिचेलनं २०१८ च्या पहिल्याच फेरीत किक आणि हँडबॉल मिळून चेंडू ५४ वेळा खेळला होता. तो विक्रम, आणि त्याच वर्षी त्याला ब्राउनलो पदकही. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं हे पदक १९२४ पासून आहे, मतं देतात पंच. पंच पळत असतात चेंडूच्या मागे, आणि चेंडूपाशी कोण असतं हे वर सांगितलंच. लोक त्याला थट्टेनं मिडफिल्डरांचं पदक म्हणतात, ते उगाच नाही.

हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी सुपरकोच नावाचा दुसरा खेळ आहे. त्यात दर सामन्यात दोन्ही संघांत मिळून ३,३०० गुण वाटले जातात. झटापटीत मिळवलेल्या चेंडूला वजन जास्त, वाया घालवलेल्याला दंड. म्हणजे धोतराचाही हिशेब. आमच्या ऑफिसात त्याच्या बाजूनं दोन जण आहेत. दर वर्षी ते ठराव मांडतात, दर वर्षी तो आठ विरुद्ध दोन असा पडतो. मतदान माझ्याशिवाय झालं असतं तरी निकाल तोच लागला असता, पण मीही हात वर करतोच. मामामुळे असेल.

फँटसीवाल्यांच्या बोलीत सर्वांत मोठा मान म्हणजे कुणाला 'पिग' म्हणणं. डुक्कर! गुणांचा खादाड, या अर्थानं. ही पदवी पहिल्यांदा गाजली कॉलिंगवुडच्या डेन स्वानच्या नावावर. जीव तोडून पळायचं, मग बाहेर जाऊन बाकावर धापा टाकायच्या, पुन्हा आत येऊन पळायचं. २०११ ची ब्राउनलो त्याची. साताऱ्यात कुणाला प्रेमानं डुक्कर म्हणून बघा काय होतं ते.

आता खरा वाद. आमच्या हिशेबखात्यातला एक गृहस्थ आहे, वेगवेगळ्या रंगांच्या रकान्यांची एक्सेल घेऊन बसतो. त्याचं म्हणणं असं, की मिडफिल्डर सर्वांत जास्त गुण देतो हे खरं, पण म्हणूनच तो पहिल्या फेरीत घेऊ नये. समजा, पहिल्या क्रमांकाच्या मिडफिल्डरची सरासरी ११५ आहे आणि चाळिसाव्याची ९५. उलट पहिल्या क्रमांकाच्या बचावपटूची १०५ आणि चाळिसाव्याची ७०. मिडफिल्डर उशिरा घेतलास तर वीस गमावतोस, बचावपटू उशिरा घेतलास तर पस्तीस. माणसाची किंमत त्याच्या गुणांत नसते, त्याच्या जागी येणाऱ्या पुढच्या माणसापेक्षा तो किती जास्त देतो त्यात असते. कांदा रोज लागतो, म्हणून तो महाग असतो का? (नाशिककर इथं हसतील.)

गणित बिनचूक आहे. रागही त्याचाच येतो.

माझी बाजू वेगळी. माझं म्हणणं, की मिडफिल्डर म्हणजे माणूस नव्हेच, ती एक जागा आहे. ॲडलेडचा रोरी लेअर्ड २०१७ आणि २०१८ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तमांच्या मानाच्या संघात बचावपटू म्हणून निवडला गेला. मागं उभं राहून शांतपणे मार्क घ्यायचा, शांतपणे किक द्यायची. मार्कचे तीन, किकचे तीन, याला 'प्लस सिक्स' म्हणतात, अंगाला धूळ न लागता. मग त्याला मध्ये आणलं. तोच माणूस, तेच पाय. पण आता टॅकलमागून टॅकल, आणि गुणांची नुसती रास. सिडनीचा कॅलम मिल्स २०२१ मध्ये यादीत बचावपटू आणि मैदानावर मिडफिल्डर. यादीतली जागा ठरते मागच्या वर्षी तो कुठं उभा होता त्यावरून, गुण ठरतात यंदा कुठं उभा आहे त्यावरून. ज्यांनी मिल्सला घेतलं त्यांना बचावाच्या भावात मिडफिल्डर मिळाला. रद्दीत दागिना सापडावा तसं ते.

म्हणून आम्ही सगळे एकाच आकड्याच्या मागे असतो: सीबीए, सेंटर बाउन्स अटेंडन्स. दर शंभर वेळा चेंडू चौकोनात उडाला, त्यातल्या किती वेळा हा आत होता. हंगामाआधीच्या सराव सामन्यांत लोक किती गोल झाले ते बघत नाहीत, चौकोनात कुठले चौघे उभे आहेत ते मोजतात. मी मोजलेत, कागदावर, उभ्या रेघा मारून आणि पाचवी आडवी. पण हा आकडा असतो कुणा एका प्रशिक्षकाच्या डोक्यात. तो पत्रकारांना सांगतो, "आम्ही लवचीक राहणार आहोत." या वाक्यावर मी एकदा अख्खा शनिवार चर्चेत घालवलाय.

आदल्या वर्षी मी पहिल्याच फेरीत एक मिडफिल्डर घेतला होता. नाव सांगत नाही; त्याची त्यात काय चूक? मागच्या हंगामात दहातल्या आठ वेळा चौकोनात असणारा खमक्या गडी. पहिल्या सामन्यात बघतो तर हा फॉरवर्ड पॉकेटच्या, म्हणजे गोलजवळच्या कोपऱ्याच्या जवळ, गोलखांबाकडे तोंड करून, बस चुकल्यासारखा उभा. संघाला म्हणे एका तरुण पोराला मध्ये आजमावायचं होतं. माझा खेळाडू तंदुरुस्त होता, मेहनती होता, तक्रार करत नव्हता. फक्त चेंडू तिकडे येत नव्हता. मी हंगामभर त्याला बसवलं नाही, विकला नाही, आणि शेवटून दुसरा आलो.

एक्सेलवाला विचारायचा, "धरून का ठेवलायस?" त्याला काय सांगणार? त्याच सुमारास आमच्या विभागाची फेरमांडणी झाली होती. पगार तोच, पद तेच, फक्त जे काम दिवसातून वीस वेळा माझ्या टेबलावरून जायचं ते आता पलीकडच्या मजल्यावरून जायला लागलं. दुपारी चारला मी चहा करायचो, खिडकीतून रेल्वेरूळ बघायचो. एकूण माझा सीबीए घसरला होता.

पण त्या संध्याकाळकडे परत येतो. माझा नंबर चौथा. पहिले तिघे गेले, घड्याळात नव्वद सेकंद. माझी अकरा वर्षांची लेक बाजूला खुर्चीवर मांडी घालून. ती फूट्सक्रेमध्ये जन्मली. भाड्याच्या घरात आमची पहिली वर्षं तिथं गेली आणि २०१६ मध्ये तिथल्या वेस्टर्न बुलडॉग्जनी बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं तेव्हा अख्खी वस्ती रस्त्यावर आली होती. आम्हीही गेलो, ती माझ्या खांद्यावर. त्या दिवसापासून घरात दुसरा संघ चालत नाही.

"बाबा, बाँट घे."

मार्कस बाँटेम्पेली, बुलडॉग्जचा कप्तान. २०२१ आणि २०२३ मध्ये सगळ्या खेळाडूंनी मतं देऊन त्याला हंगामातला सर्वोत्तम ठरवलं. ब्राउनलोमध्ये दोन्ही वर्षी दुसरा. खेळणाऱ्यांना तो पहिला वाटला, पंचांना दुसरा. आमच्या ओगराळ्यांच्या हिशेबात त्याच्याहून वर बरेच जण असतात, कारण तो जे करतो ते थोडक्यात करतो आणि नेमकं करतो.

"अगं, याच्याहून जास्त टॅकल करणारे आहेत. आणि एक्सेलप्रमाणे मी आत्ता रकमन घ्यायला हवा."

"पण रविवारी आपण बघणार कुणाला?"

चाळीस सेकंद. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अरे, जेवायला घेऊ का, की अजून कुणी यायचंय?" पंचवीस. एक्सेलवाला पाचव्या क्रमांकावर बसला होता. तो रकमनकडे डोळे लावून असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या तोंडचा घास काढायचा मोह मोठा होता.

मी बाँट घेतला. लेकीनं माझ्या हातातून माऊस घेऊन दुसऱ्यांदा खात्री केली.

रात्री दहाला पुन्हा फोन. आईचा चहा झालेला.

"झाली का निवड?"

"झाली."

"पहिला कोण घेतलास?"

"एक मधला," मी म्हणालो. मिडफिल्डर हा शब्द तिला कुठं समजावत बसू?

"मधला?" ती म्हणाली. "कशाला रे? ते काय करतायत ते कुण्णाला कळत नाही."