रांगेतल्या शेवटच्या मुलाकडे बघा

शारीरिक शिक्षणाच्या सरावपाठानंतर छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या, चिंतनवहीत (स्वतःच्या पाठावर विचार करून लिहायच्या वहीत) हमखास सापडणारं वाक्य म्हणजे 'पाठ चांगला झाला, मुलांनी उत्साहाने भाग घेतला.' यावरून पुढच्या पाठात काय बदलायचं ते कळत नाही. मैदानावर गलका असला की पाठ रंगला असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

म्हणून आधी मोजावं, मग लिहावं. समजा मुलं 40, बास्केटबॉल 2, वीस-वीसच्या दोन रांगा. एका पाळीला 10 सेकंद धरले तर पुन्हा नंबर यायला 200 सेकंद लागतात. 20 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला 6 पाळ्या, म्हणजे जेमतेम एक मिनिट सराव! आठ चेंडू मिळाले आणि पाच-पाचचे गट केले तर त्याच वेळात 24 पाळ्या होतात. चेंडू दोनच असतील तर बाकीच्या गटांना दिशा बदलत धावणं, उडी मारून तोल सावरत उतरणं असं काम द्या आणि दर 5 मिनिटांनी गट फिरवा. चेंडूच्या पाळ्या तेवढ्याच राहतात, पण नुसतं उभं राहणं बरंच कमी होतं.

सरासरीवर मात्र विसंबू नका. सहकाऱ्याला तीन मुलं नेमून द्या: एक तरबेज, एक मध्यम, एक मागे राहणारं. दर 10 सेकंदांनी एक अक्षर लिहायचं: सरावाला 'स', ऐकण्याला 'ऐ', थांबण्याला 'थ'. दर मिनिटाला मूल बदललं तर 18 मिनिटांत प्रत्येकाच्या 36 नोंदी होतात. मागे राहणारं मूल नंबर जवळ आला की बुटाची नाडी बांधायला वाकतं, 'तू जा आधी' म्हणत मागच्याला पुढे सोडतं. बास्केटखाली उभ्या शिक्षकाला हे दिसत नाही. सीमारेषेकडे पाठ करून उभं राहिलं, की सगळा वर्ग नजरेत येतो. बाद होण्याच्या खेळांतही सरावाची सर्वांत जास्त गरज असलेलं मूलच सहसा आधी बाहेर बसतं.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये काम चालू असतानाचं चिंतन आणि काम झाल्यावरचं चिंतन असा फरक मांडला. पहिलं मैदानावरच: निम्म्या मुलांचे नेम चुकताहेत, तर अंतर लगेच कमी करा. दुसरं पाठ संपल्यावर लगेच, आठवण ताजी असताना: काय मोजलं, असं का झालं, उद्या कोणती एकच गोष्ट बदलणार.

निरीक्षकाने आधी मत दिलं की छात्राध्यापक तेच वहीत उतरवतो, कारण गुण निरीक्षकाच्याच हातात असतात. निरीक्षकाने आकडे पुढे ठेवावेत, 'असं का झालं असेल?' एवढंच विचारावं आणि वहीला गुण देऊ नयेत.