ओव्यांची कॅसेट आणि जात्याची घरघर

वडिलांनी १९८९ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या. कॅसेट कोरी नव्हतीच. सिनेमाच्या गाण्यांची जुनी कॅसेट, तिच्या मागची तुटकी खाच चिकटपट्टीनं बुजवून तिच्यावरच भरलेल्या. त्यामुळे दुसऱ्या बाजूला ओव्या थांबल्या की एकदम नायिकेचं गाणं सुरू होतं.

आधी ती शहरातल्या एका स्टुडिओत दिली. परत आली ती एमपी३ फाइल, आणि इतकी ‘साफ’ की आजी जणू बंद खोलीत बसून गातेय. जातंच गायब! सॉफ्टवेअरला एकसारखी चालणारी घरघर म्हणजे खरखरच वाटते. पण त्या घरघरीवरच तर ओवीची चाल असते. हात कुठं जड झाला, कुठं सैल, ते जातं सांगतं. पैसे देऊन आजीचं दळण बंद पाडलं म्हणायचं.

मग घरीच बसले. कपाटातल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. अंबाजोगाईच्या मंडी बाजारात अजून टेप दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी नवा बसवला. फीत वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. हेडशेजारचा बारका स्क्रू ऐकत ऐकत अगदी किंचित फिरवला की ‘स’, ‘श’ उघडे होतात, हे त्यांनीच दाखवलं. कॅसेट लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. वायर कंप्युटरच्या लाइन-इनमध्ये, त्यावर आवाज भरायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वाव्ह फाइल. तासाला साधारण ५०० एमबी. ही फाइल तशीच ठेवायची. जे काय साफ करायचं ते दुसऱ्या प्रतीवर.

खरी गंमत पुढे. दळण पहाटेचं, गावात लाइट नसायची, म्हणून टेप सेलवर चालवलेला. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकायला हवी. सेल उतरत गेले तशी ती भरताना हळू सरकली, आणि आता नीट वेगानं वाजवली की आवाज चढतो. पहिल्या ओवीत आजी काळी दोनला, शेवटच्या ओवीपर्यंत जवळजवळ एक सूर वर, लहान पोरीसारखी. पेटी घेऊन बसले आणि ऑडॅसिटीतला टाइम ट्रॅक लावून वेग हळूहळू उतरवत आणला.

फाइल गंगाखेडच्या आत्याला ऐकवली. त्यात आजीसोबत गाणारा दुसरा आवाज मोठ्या काकीचा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आत्या म्हणाली, “ती काकी न्हाई गं. बंधू कोन्या गावाहून येतो ते ऐक की.” ऐकलं तर बंधू जिंतूरच्या वाटेनं येतोय. काकीचं माहेर पूर्णेचं. जिंतूरची लेक म्हणजे आमच्या वाड्यातली शेजारीण, जी आजीसोबत दळायला बसायची. घरातल्या कुणालाच तिचं नाव आठवेना. आत्यानं एका दमात नावगाव, नवऱ्याचा धंदा, लेकरं, सगळं सांगितलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथं गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत दिलेलं असतं. आपल्या घरच्या फायलींना मात्र आपण ‘आजी १’, ‘आजी २’ अशी नावं देतो. आता मी फाइलच्या नावातच कोण, कुठं, कुठल्या साली ते घालते, आणि एक प्रत भावाकडे पुण्याला असते.

आत्या ऐंशीला टेकलीय. उरलेल्या कॅसेटींत आजोबांचं रझाकारांच्या काळाबद्दलचं बोलणं आहे, कुठल्याशा बारशातले पाळणे आहेत, आणि एका बाजूला नुसतं बायकांचं हसणं. त्यांचा वेग, खरखर काही दुरुस्त करत बसणार नाही. आहे तशा फोनवर घालून दिवाळीच्या आधीच गंगाखेडला नेते; साफसफाई नंतरही होईल.