अमेरिकेत ॲडव्हायजर होताना

अमेरिकेतली चार वर्षांची पदवी म्हणजे साधारण १२० क्रेडिट (प्रत्येक कोर्स ठरावीक क्रेडिटचा असतो). त्यातली काही मुख्य विषयाची, काही सगळ्यांना सक्तीची, उरलेली आवडीची. शिवाय कुठला कोर्स झाल्याशिवाय कुठला घेता येत नाही, याचं एक जाळं असतं. एखादा कोर्स चुकला की पदवी एक सेमिस्टर पुढे जाते, आणि त्या सेमिस्टरची फी डॉलरमध्ये भरावी लागते. हा हिशोब विद्यार्थ्याच्या शेजारी बसून मांडणारा पगारी माणूस म्हणजे अकॅडमिक ॲडव्हायजर. आपल्याकडे हेच काम वरच्या वर्गातला दादा, क्लासचे सर आणि नात्यातला कुणी इंजिनियर असे सगळे मिळून करतात, तेही चहाच्या कपावर आणि फुकट.

मी इथे उच्चशिक्षण प्रशासनात मास्टर्स करतेय आणि विद्यापीठाच्या ॲडव्हायझिंग ऑफिसात असिस्टंट आहे. आठवड्याला २० तास. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना त्याहून जास्त काम करता येत नाही.

गंमत म्हणजे या पेशाला ठरलेलं प्रवेशद्वार नाही. वकिलाला सनद लागते, सीएला परीक्षा लागते. ॲडव्हायजर मात्र इंग्रजी साहित्यातून येतो, जीवशास्त्रातून येतो, मानसशास्त्रातूनही येतो. मग हे काम नीट करणं म्हणजे काय, हे नव्या माणसाला सांगायचं कुणी? माझ्या पाहण्यात ती जबाबदारी मुख्यतः ॲडव्हायजरांच्या संघटनेने उचलली आहे. नॅशनल अकॅडमिक ॲडव्हायझिंग असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘नाकाडा’. १९७७ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला या लोकांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १९७९ मध्ये संघटना उभी राहिली. मुख्यालय मॅनहॅटनला आहे. न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं, कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचं गाव. (घरी हे तीनदा समजावून झालंय. आई अजून सगळ्यांना न्यूयॉर्कच सांगते.) त्या विद्यापीठात ॲडव्हायझिंगमधली ऑनलाइन मास्टर्स पदवीही मिळते, पण नोकरीच्या जाहिरातींत सहसा तिची अट नसते.

विद्यार्थ्यांना सदस्यत्व कमी वर्गणीत मिळतं. तेवढ्यात संघटनेचं नियतकालिक वाचायला मिळतं, ऑनलाइन व्याख्यानं ऐकता येतात, आणि आपल्यासारख्या नवख्यांचा एक गट भेटतो. मला सगळ्यात उपयोगी पडला तो संघटनेचा २०१७ चा क्षमतांचा आराखडा, म्हणजे ॲडव्हायजरला काय काय यायला हवं याची मांडणी. त्यात तीन भाग आहेत: कामामागचा विचार, माहिती आणि माणसाशी नातं. ऑफिसात आल्या आल्या सगळे तुम्हाला मधला भाग शिकवतात, कारण तो लगेच लागतो. कोर्सचे नंबर, मुदती, फॉर्म. शिवाय १९७४ चा फर्पा कायदा. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या मार्कांवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो, आणि काही अपवाद सोडले तर त्याच्या लेखी संमतीशिवाय आम्ही आई-वडिलांना काही सांगू शकत नाही. ओपन हाउसला निकालपत्रावर सही घेणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

खरा घाम काढतो तो तिसरा भाग. नर्सिंगला जायचंच म्हणून आलेली मुलगी केमिस्ट्रीत दुसऱ्यांदा अडकलीय आणि समोर बसून ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतेय. आता काय बोलायचं? ॲडव्हायझिंग हे शिकवणंच आहे, असं बर्न्स क्रुकस्टन यांनी १९७२ मध्ये मांडलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात ते वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं होतं. संघटनेच्या विभागीय परिषदेत वीस-वीस वर्षं हे काम केलेल्या बायका नेमक्या अशाच मुलीबद्दल आपसात वाद घालताना ऐकल्या आणि त्या वाक्याला वजन आलं. एकीचं म्हणणं, तिला स्पष्ट सांगा. दुसरीचं म्हणणं, आधी तिला नर्सिंगच का हवंय ते विचारा. मग दोघी माझ्याकडे वळल्या: ‘तुझ्या ऑफिसात काय करतात?’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. वर्गात मी विद्यार्थिनी असते, ऑफिसात मदतनीस. परिषदेत मला कुणीतरी याच पेशातली धरलं. संघटनेचे देशभरात दहा विभाग आहेत आणि त्यांच्या परिषदांत पदव्युत्तर विद्यार्थीही सत्र घेऊ शकतात, पोस्टर लावू शकतात. ते पुढे बायोडेटावर येतं आणि मुलाखत घेणाऱ्या समितीला त्याचा अर्थ लगेच कळतो. प्रवासखर्च मात्र जड जातो. विद्यापीठातल्या तुमच्या विभागाकडे त्यासाठी पैसे आहेत का, हे बिनधास्त विचारा; आपली मुलं संकोचतात आणि बजेट तसंच पडून राहतं.

संघटना जिथे पुरी पडत नाही तेही सांगते. व्हिसा. आमचा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) यादीत नाही, म्हणून पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात; स्टेमवाल्यांना मिळणारे वरचे २४ नाहीत. विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याबाहेर असतात हे ऐकायला छान वाटतं, पण अर्ज करायचा की नाही हे मालकानेच ठरवायचं, आणि ॲडव्हायजरच्या जागेसाठी अर्ज करायला अनेक ठिकाणी तयार नसतात. मुलाखतीत हे पहिल्याच फेरीत विचारून घ्यावं, असं माझं मत आहे. परिषदेत भेटलेल्या परदेशी ॲडव्हायजरांनी हेच सांगितलं, आणि ही माहिती कुठल्याही आराखड्यात नव्हती.

इतक्यात पुण्याहून मामेबहिणीचा मेसेज आला: नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर निवडायचाय, कुठला घेऊ? मी सवयीने उलट विचारलं की कॉलेजने क्रेडिटचा तक्ता समजावून सांगितलाय का. ती म्हणाली, ‘ताई, नोटीस बोर्डावर लावलाय. फोटो पाठवते, तूच सांग.’