ली-एनफिल्डच्या कॉलर-स्प्रिंगांसाठी जुन्या शस्त्रांच्या बाजारात दोन दिवस

ली-एनफिल्ड ही जुनी ब्रिटिश रायफल; नं. १ मार्क ३ आणि नं. ४ ही तिची दोन मॉडेलं. तिच्या सुट्या भागांसाठीच्या या फेरीची यादी चार ओळींची होती. नं. १ मार्क ३ साठी पुढच्या किंग स्क्रूची (ट्रिगर गार्ड आणि पुढचं लाकूड धरून ठेवणारा स्क्रू) कॉलर, म्हणजे त्यावरची छोटी नळकांडी, एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस बाहेर ओढणारी आकडी) स्प्रिंग आणि नोज कॅपजवळची (पुढच्या लाकडाच्या टोकावरचा धातूचा भाग) खुंटी-स्प्रिंगची जोडी, नं. ४ साठी ३ नंबरचं बोल्ट हेड, म्हणजे काडतुसामागे सरकणाऱ्या बोल्टचं पुढचं टोक; नंबर त्याच्या लांबीचा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पहिले तीन हाती आले. बोल्ट हेड दोन्ही दिवस शोधूनही मिळालं नाही, आणि त्यात नवल नाही. ० आणि १ नंबरची हेडं सहज दिसतात, ३ नंबरचं मात्र ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही.

बाजारात जाताना जुना भाग सोबत न्या, तुटका असला तरी चालेल. नं. १ आणि नं. ४ चे कितीतरी भाग सारखे दिसतात, पण एकमेकांत बसत नाहीत. बोल्ट हेडाचे तर आटेच वेगळे. एनफिल्डच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या स्क्रूंशी जुळत नाहीत. ‘जवळपास बसतोय’ म्हणून दुसरा स्क्रू दाबून फिरवला की रिसीव्हरमधले (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य धातूचा भाग) आटे गेलेच. व्हर्निअर, छोटी बॅटरी आणि झिपच्या पिशव्या ठेवा. पिशवीवर भागाचं नाव तिथल्या तिथे लिहा, घरी आल्यावर कोणती स्प्रिंग कुठली ते आठवत नाही. भागांवर कारखान्यांचे शिक्के असतात: चौकोनी कोपऱ्यांचा एस सॅव्हेजचा, एलबी लाँग ब्रँचचा, एम४७सी बीएसएचा. एकाच कारखान्याचे भाग हवे असतील तरच या खुणांच्या मागे लागा.

बोल्ट हेडावरच्या आकड्यावर विसंबू नका, लांबी मोजा. ० नंबर साधारण ०.६२० ते ०.६२५ इंच, पुढचा प्रत्येक नंबर ०.००५ इंचाच्या पुढच्या टप्प्यात. नं. १ च्या हेडावर असा आकडा नसतोच. बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली जागा तपासायला एक्स्ट्रॅक्टर काढून गेज (ठरावीक जाडीचं माप) लावा: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ वर होता कामा नये. या दुसऱ्या गेजवर बंद झाला, तर काडतुसाचं पितळ ताणून बुडाजवळ फाटण्याचा धोका. ती रायफल चालवू नका. लॉकिंग लग (बोल्ट बंद धरणारे दोन्ही बाजूंचे उंचवटे) एकाच बाजूने टेकत असतील तर मोठं हेड लावून दुखणं झाकलं जातं, जात नाही. दुसऱ्या रायफलच्या बोल्टचे लग तुमच्या रायफलमध्ये असेच टेकू शकतात, म्हणून तो अख्खा बोल्ट स्वस्तात मिळाला तरी मोह टाळा.

कॉलर क्षुल्लक वाटते, पण ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड चेपतं. नं. १ मध्ये चाप ट्रिगर गार्डलाच अडकवलेला असतो. लाकूड चेपलं किंवा आकसलं की गार्ड सरकतो आणि चापाचा खेच बदलतो; मग लोक उगाच सिअर (चाप ओढल्यावर सुटणारी अडकण) घासत बसतात! हाच दोष नको म्हणून १९४९ च्या नं. ४ मार्क २ मध्ये चाप रिसीव्हरला टांगला.

खरं तर निम्मी खरेदी चुकीच्या क्रमाने रायफल खोलल्यामुळे करावी लागते. नं. १ मध्ये दस्ता (मागचं लाकूड) जोडणारा बोल्ट आधी फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, बोल्ट फिरला की लाकूड चिरतं. आधी पुढचं लाकूड काढा, मग दस्ता. पुढचं लाकूड काढताना खाली कापड पसरा. नळीखालची खुंटी आणि स्प्रिंग उडते ती याच वेळी. स्क्रूच्या खाचा अरुंद असतात, तेव्हा स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेच्या मापाने घासून घ्या. गंजलेल्या स्क्रूवर आत शिरणारं तेल टाकून २४ तास थांबा. एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा दोन घ्या, एक हरवतेच.

जुनी .३०३ काडतुसं वापरणार असाल तर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा. काडतुसाच्या बुडातल्या टोपीतल्या (ठिणगी देणारी) रसायनाचे क्षार नुसत्या तेलाने निघत नाहीत. नंतर कोरडी करून तेल लावा. लाकडाला कच्चं जवस तेल, अगदी पातळ थरांनी.

निघण्याआधी कायदा पाहा. बोल्ट, नळी आणि रिसीव्हर यांना अनेक देशांत परवाना लागतो, आणि टपालाने पाठवण्याचे नियम आणखी वेगळे असतात. स्क्रू-स्प्रिंगांचीही पावती घ्या, तीत भागाचं नाव लिहून घ्या.