ऑक्टोपसचं एक हृदय बंद पडलं तर?

मी परभणीत प्राणिशास्त्र शिकवतो. मृदुकाय प्राण्यांचा धडा निघाला की मागच्या बाकावरून हमखास येतं, "सर, तीन हृदयं हायेत, मग एक बंद पडलं तर दोन हायेतच की!" पोरांचे पालकही हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

ही हृदयं एकमेकांना बदली नाहीत. बोअरची मोटर पाणी टाकीपर्यंत चढवते; ठिबकला दाब द्यायला दुसरी मोटर लागते. तसंच इथे. प्रत्येक कल्ल्याच्या बुडाशी एक कल्ला-हृदय असतं, ते अशुद्ध रक्त कल्ल्यात ढकलतं. केशवाहिन्यांतून जाताना दाब ओसरतो. शुद्ध झालेलं रक्त दोन अलिंदांतून (रक्त आत घेणाऱ्या कप्प्यांतून) मधल्या मुख्य हृदयात येतं आणि ते सगळ्या अंगाला पोचवतं. आपल्या तळ्यातल्या गोगलगाईचं रक्त वाहिन्यांतून बाहेर पडून पोकळ्यांत मोकळं फिरतं; ऑक्टोपसचं मात्र आपल्यासारखं बंद नळ्यांतूनच. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या, तांबं असलेल्या हिमोसायनिनमुळे निळसर रक्त दोघांचंही. नॉटिलस हा शंखात राहणारा, ऑक्टोपसचाच जुना भाऊबंद, त्याला चार कल्ले आणि चार अलिंदं, पण कल्ला-हृदय एकही नाही.

प्रयोगशाळेतल्या बरणीतली सेपिया (ऑक्टोपसचीच नातेवाईक) काढून पोटाकडून प्रावार, म्हणजे अंगाभोवतीचं मांसल आवरण, चिरला की दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले दिसतात आणि बुडाशी एकेक गोल गाठ. तेच कल्ला-हृदय. पोरं तिथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात, आणि मला ते फार आवडतं.

आता नसांचं. मेंदूकडून दोन आंतरांग-चेता, म्हणजे आतल्या अवयवांकडे जाणारे मज्जातंतू, खाली येतात, वाटेत चेतागुच्छ (चेतापेशींच्या गाठी) लागतात. प्रत्येक कल्ला-हृदयापाशीही एक गुच्छ असतो. केंब्रिजच्या मार्टिन वेल्स यांनी ऑक्टोपसच्या या दोन्ही चेता कापून पाहिल्या आणि 1980 मध्ये निष्कर्ष छापले: हृदयं तरीही ताल सांभाळून धडधडत राहिली. ठोका मेंदू देत नाही, तो स्नायूतूनच उठतो. गेलं काय, तर थांबणं. धडधाकट ऑक्टोपस प्रावार जोरात आवळतो तेव्हा त्याचं हृदय क्षणभर थांबतं. चेता कापल्यावर ते थांबेना.

म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न रास्तच आहे. पाण्याची पिचकारी मारत पळताना मुख्य हृदय खरोखरच थांबतं. कल्ला-हृदयं त्याचं काम उचलत नाहीत. म्हणून ऑक्टोपस लवकर दमतो, आणि एरवी तळावरून सरपटत जाणंच पसंत करतो.