शेवंतीच्या कुंडीतली हुमणी

रविवार, श्रावण संपत आलाय

या आठवड्यात गच्चीवरची शेवंती रोज दुपारी मान टाकत होती. माती ओली, ऊन जेमतेम. अशा वेळी आणखी पाणी घालण्यात अर्थ नसतो, बुडाशी बघावं लागतं. आज खोड धरून हलकंच ओढलं तर झाड अलगद हातात आलं. पांढरी मुळं एकही उरली नव्हती आणि जाड मुळंही कुरतडलेली.

कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. तपकिरी डोक्याच्या, मळकट पांढऱ्या, अर्धगोल वळून पडलेल्या अळ्या निघाल्या. मुळं खाणारी हुमणीच! वाईट वाटलं फार. कळ्या धरायच्या बेतात होती ती.

मामांना फोन केला. त्यांचा सांगलीकडे ऊस आहे, हुमणीने बसलेले उसाचे पट्टे त्यांनी पाहिलेत. "मामा, कुंडीतसुद्धा होते?" तर म्हणाले, "तिला काय गं, भुसभुशीत माती आणि शेणखत मिळालं की झालं." वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे, म्हणजे मोठे झालेले किडे, जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात आणि माद्या मातीत अंडी घालतात. आमच्या कठड्याला लागूनच कडुनिंब आहे. जूनमधली ती अंडी, आणि आता या अळ्या. शेतात तेव्हा फांद्या हलवून भुंगेरे पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात.

अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. शेवंतीचे शेंडे छाटून नव्या मातीत खोचलेत, ते मूळ धरतील. बाकीच्या कुंड्यांना कुजलेल्या शेणखतात मेटारायझियमची पावडर मिसळून घातली आणि ओल राखली. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढते, मेलेली अळी कडक होऊन हिरवी पडते. लहान अळीवर ती चांगली चालते, मोठी झाली की दाद देत नाही. म्हणून उशीर नको.

पालापाचोळ्याच्या पिंपातही तशाच जाडजूड अळ्या होत्या. त्यातली एक फरशीवर ठेवली, तर ती उलटी होऊन चक्क पाठीवर सरपटत निघाली! ही फुलांवरच्या भुंग्यांची अळी. ती कुजलेला पालाच खाते, आपलं खत करून देते. तिला परत पिंपात सोडलं. पांढरं काही दिसलं की लोक विषारी दाणेदार औषध ओततात, याचा मला मनापासून राग येतो. तुळस आणि कढीपत्ता आपण खातो ना? आधी अळी फरशीवर ठेवून पाहावी, एवढी तसदी घ्यायला काय हरकत आहे?

पुढच्या वळवाला संध्याकाळी गच्चीवरचा दिवा बंद ठेवायचा, भुंगेरे उजेडाकडे येतात. कुंड्यांवर मच्छरदाणीचं कापडही बांधायचं. कढीपत्त्याची कुंडी उपसायची राहिली आहे. त्याचं बूड अजून घट्ट लागतंय, तरी उद्या सकाळी पाहीन.